तेयझे, अप्पा आणि नागरिकशास्त्र

तुर्की भाषेत मावशीला ‘तेयझे’ म्हणतात. वडिलांच्या बहिणीसाठी वेगळा शब्द आहे, ‘हाला’. जर्मनमध्ये मात्र दोघींना एकच शब्द, टांटं. हे कळलं तेव्हा मी श्टुटगार्टला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. ज्या भाषेत मावशी वेगळी आणि आत्या वेगळी, त्या भाषेबद्दल मला ऐकताक्षणी माया वाटली. तेव्हापासून आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींना मी तेयझेच म्हणते. त्या मला ‘क्झम’ म्हणतात, म्हणजे ‘माझी लेक’.

तेयझे 1972 साली इथे आल्या, बावीस वर्षांच्या असताना. जर्मनीनं तुर्कस्तानाशी कामगार आणण्याचा करार केला तो ऑक्टोबर 1961 मध्ये. त्यानुसार इस्तंबूलला जर्मन कचेरी होती आणि तिथे निवड व्हायची. डॉक्टर दात बघायचे, छाती तपासायचे, अंगावरच्या कपड्यांनिशी रांगेत उभं करायचे, कधी त्याही कपड्यांशिवाय. तेयझे हे सांगताना अजूनही खिडकीबाहेर बघतात. मग कानश्टाटमधल्या एका कारखान्यात सदतीस वर्षं काम. कर भरला, पेन्शनचे हप्ते भरले, तीन मुलं वाढवली, नवऱ्याचं आजारपण काढलं. त्यांचं जर्मन बाजारात, दवाखान्यात आणि नातवंडांना रागे भरायला भरपूर पुरतं. सरकारी पत्र आलं की मात्र त्या ते घेऊन जिना चढतात.

2023 च्या हिवाळ्यात असंच एक पत्र वाचून झाल्यावर मी विचारलं, “तेयझे, तुम्ही इथलं नागरिकत्व कधीच का नाही घेतलं?”

त्यांनी दोन कारणं सांगितली. एक, लेखी परीक्षा. दुसरं, तुर्की पासपोर्ट परत द्यावा लागायचा. “आई जिवंत होती तोवर तिला काय सांगणार होते, तुझ्याकडची शेवटची वस्तूही देऊन आले म्हणून?”

म्हणजे एक्कावन्न वर्षं त्या ज्या गल्लीत राहिल्या, तिथल्या नगरसेवकालाही त्यांनी कधी मत दिलं नाही. समोरच्या इमारतीतला पोलिश तरुण चार वर्षांपूर्वी आला. तो महापालिकेला मतदान करतो, कारण मास्ट्रिख्ट करारानंतर युरोपीय संघातल्या कुठल्याही देशाच्या माणसाला तो राहतो तिथल्या स्थानिक निवडणुकीत मत आहे. तेयझेंना नाही. त्या तरुणाबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्या संध्याकाळी मी हिशेब मांडत बसले आणि तो जुळेना.



जर्मनीच्या नागरिकत्वाचा पाया 1913 चा कायदा होता. कैसरच्या काळातला. त्याचं सूत्र रक्ताचं: बाप जर्मन तर मूल जर्मन. दोन महायुद्धं झाली, देश फुटला, परत जोडला गेला, पण ते सूत्र विसावं शतक संपेपर्यंत मूळ धरून राहिलं. त्यामुळे इथे जन्मलेली, इथल्या बालवाडीत गेलेली, श्वाबियन बोलीत भांडणारी लाखो मुलं कागदावर परदेशी होती. आमच्याजवळच्या बाड उराखमध्ये 1965 साली जन्मलेले चेम ओझ्देमिर हे त्यातलेच एक. त्यांना नागरिकत्व मिळालं 1983 मध्ये, संसदेत ते निवडून आले 1994 मध्ये, आणि 2021 च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्री झाले. जन्मल्यापासूनची पहिली सतरा-अठरा वर्षं ते स्वतःच्याच गावात परदेशी होते.

1998 मध्ये सरकार बदललं आणि नव्या सरकारनं दुहेरी नागरिकत्वाला मोकळीक देणारा मसुदा आणला. विरोधी पक्षानं त्याविरुद्ध सह्यांची मोहीम काढली. 1999 च्या जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, चौकाचौकांत टेबलं लागली. सुमारे पन्नास लाख सह्या झाल्या. फेब्रुवारीत हेसन राज्याची निवडणूक झाली, सत्ता पालटली, वरच्या सभागृहातलं गणित बिघडलं आणि मसुदा पातळ झाला. तेयझेंच्या धाकट्या मुलाला ती टेबलं अजून आठवतात. तो तेव्हा नोकरीला लागला होता. रोज सकाळी ट्रामच्या थांब्याकडे जाताना तो त्या टेबलापुढून जायचा. विषय त्याचा होता, आणि मत नव्हतं ते फक्त त्याचंच.

मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते मात्र याच्याही आधीच्या एका निकालानं. श्लेस्विग-होल्श्टाइन आणि हांबुर्ग या दोन राज्यांनी परदेशी रहिवाशांना स्थानिक मतदानाचा हक्क दिला होता. कार्ल्सरूहेच्या घटना न्यायालयानं 31 ऑक्टोबर 1990 रोजी तो रद्द केला. घटनेत लिहिलंय की सगळी सत्ता लोकांपासून येते, आणि लोक म्हणजे जर्मन नागरिक, असा अर्थ न्यायालयानं लावला. इथवर निकाल कठोर वाटतो. पण पुढे न्यायालय असंही म्हणतं की ज्यांच्यावर कायमचं राज्य चालतं आणि ज्यांच्या हातात मत असतं, ते दोन गट शक्यतो एकच असावेत, ही लोकशाहीची कल्पनाच आहे. दरी पडली असेल तर ती बुजवायची जागा मतदानाचा कायदा ही नाही. ती जागा नागरिकत्वाचा कायदा ही आहे.

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ तशीच बसले. कारण याचा अर्थ असा होतो: मत हवं तर नागरिक व्हा. नागरिक व्हायचं तर कायदा बदलायला हवा. कायदा बदलणार मतदार. आणि मतदार कोण, तर जे आधीच नागरिक आहेत ते. तेयझेंनी कुठे जायचं? या वर्तुळाला एकच फट आहे. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला आत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलता आलं पाहिजे. ते बोलणंही ‘तुम्ही कोण आम्हाला सांगणारे’ म्हणून बंद केलं, तर उरतं काय, तर आतल्यांची मर्जी.

ती फट जर्मन घटनेत ठेवलेली आहे, हे मला त्याच दिवसांत कळलं. सभा-मोर्चाचं आठवं कलम सुरू होतं ‘सर्व जर्मनांना’ या शब्दांनी. सतरावं कलम मात्र सुरू होतं ‘प्रत्येकाला’ या शब्दानं. प्रत्येकाला, एकट्यानं किंवा इतरांसोबत, विनंत्या किंवा तक्रारी लिहून संसदेकडे पाठवण्याचा हक्क आहे. 1949 साली हे लिहिणाऱ्या लोकांनी नुकतंच स्वतःच्या देशात माणसांचं नागरिकत्व काढून घेतलेलं पाहिलं होतं. तो शब्द त्यांनी सहज वापरला असेल असं मला वाटत नाही.

नव्या कायद्याचा मसुदा तेव्हा संसदेपुढे होता. त्यात तेयझेंच्या पिढीसाठी एक तरतूद होती: जून 1974 च्या अखेरपर्यंत करारानं आलेल्या कामगारांना लेखी परीक्षा नाही, रोजच्या व्यवहारापुरतं बोलता येणं पुरे. आणि जुनं नागरिकत्व सोडायची अट कोणालाच नाही. मी दोन पानांचं पत्र लिहिलं, की ही तरतूद वाटेत गळू देऊ नका. खाली सही केली, भारतीय नागरिक म्हणून. तेयझेंनीही सही केली. त्यांची सही म्हणजे नावाची पाच अक्षरं, एकेक सुटं, शिवणाच्या टाक्यासारखं. काही आठवड्यांनी बुंडेस्टागच्या, म्हणजे जर्मन संसदेच्या, याचिका समितीची पोच आली, क्रमांकासकट. तेयझेंनी ती पोच प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवली. आमच्या पत्रानं काही फरक पडला असा माझा दावा नाही. 19 जानेवारी 2024 ला संसदेनं कायदा मंजूर केला आणि 27 जूनला तो लागू झाला, एवढं खरं.



अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी हे सगळं फोनवर सांगितलं होतं. अप्पा वाईजवळच्या एका माध्यमिक शाळेत एकतीस वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत होते. नागरिकशास्त्राचा पेपर वीस मार्कांचा, म्हणून मुलं तो विषय ऑप्शनला टाकायची, आणि अप्पांना त्याचा फार त्रास व्हायचा. पत्र मी त्यांना मराठीत करून वाचून दाखवलं. ते ऐकून ते म्हणाले, “भाषा नम्र आहे. पण मूळ प्रश्न राहतोच. उद्या एखाद्या परदेशी माणसानं येऊन आपला कायदा बदला म्हटलं तर तुला चालेल?”

“चालेल,” मी म्हटलं. फार पटकन म्हटलं.

“मग तो मद्रासचा पोरगा?”

अप्पांची स्मरणशक्ती अशी अडचणीची आहे. 2019 च्या डिसेंबरात सीएएविरुद्ध, म्हणजे नागरिकत्व कायद्यातल्या दुरुस्तीविरुद्ध, आंदोलनं चालू होती तेव्हा आयआयटी मद्रासमध्ये शिकायला आलेला एक जर्मन विद्यार्थी फलक घेऊन मोर्चात उभा राहिला होता. फलकावर 1933 ते 1945 ही सालं होती आणि आम्ही तिथून जाऊन आलोय अशा अर्थाचे शब्द होते. व्हिसाचा भंग केला म्हणून त्याला देश सोडायला सांगितलं गेलं. तेव्हा मी जर्मनीत होते, आणि खरं सांगायचं तर बातमी वाचून माझ्या मनात आधी आलं ते हेच, की याला काय करायचंय? थोड्या काळासाठी आलास, शीक आणि जा.

जादवपूरच्या एका पोलिश विद्यार्थ्यालाही अशीच नोटीस मिळाली होती. तो कोर्टात गेला. कलकत्ता उच्च न्यायालयानं मार्च 2020 मध्ये ती रद्द केली. आपल्या घटनेत भाषणस्वातंत्र्याचं एकोणिसावं कलम फक्त नागरिकांसाठी आहे. पण चौदावं आणि एकविसावं कुठल्याही व्यक्तीसाठी आहे, आणि जगण्याच्या हक्कात राजकीय मत मांडणंही येतं, असा एकविसाव्या कलमाचा आधार न्यायालयानं घेतला. ‘नागरिक’ आणि ‘व्यक्ती’ हा शब्दांमधला फरक अप्पा आम्हाला फळ्यावर दोन रकाने करून शिकवायचे. त्यांच्याच फळ्यावरचं मी त्यांना फोनवर सांगत होते.

मग मी मोठा दाखला काढला. “अप्पा, 27 जानेवारी 1919. साउथबरो समिती.”

पलीकडे शांतता. त्यांना माहीत होतं मी कुठे चाललेय ते. सत्तावीस वर्षांचे आंबेडकर, सिडनम कॉलेजातले प्राध्यापक, मताधिकार कोणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या समितीपुढे साक्षीला उभे राहिले. मत तेव्हा मालमत्तेवर मिळायचं, आणि अस्पृश्यांपैकी मतदार होऊ शकतील अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. प्रतिनिधित्वाचा हक्क आणि राज्यकारभारात पद धारण करण्याचा हक्क, हे नागरिकत्व घडवणारे दोन सगळ्यात महत्त्वाचे हक्क आहेत, असं त्यांनी तिथे मांडलं. ज्यांच्याजवळ मत नाही त्यांच्या वतीनं, ज्यांनी ते कधी दिलं नाही त्यांच्यापुढे.

“ज्या ज्या कोणाला मत मिळालं,” मी म्हटलं, “त्या प्रत्येकानं ते मत नसताना मागितलं. बायकांनीसुद्धा.”

“बरोबर,” अप्पा म्हणाले. “पण ते इथलेच होते. पिढ्यान्‌पिढ्या या मातीत राबलेले. तुझी तेयझेही तिथलीच झाली, एक्कावन्न वर्षं म्हणजे काही कमी नाहीत. मला तिचं पटतं. तो पोरगा थोड्या काळाचा पाहुणा होता. दोन्ही एका तराजूत घालू नकोस.”

हे मला खोडता आलं नाही, आणि आता खोडावंसंही वाटत नाही. बोलू द्यायचं सगळ्यांना, त्या विद्यार्थ्यालाही. माझी 2019 ची पहिली प्रतिक्रिया चुकीची होती. पण मागण्याचं वजन सगळ्यांचं सारखं नसतं. जो त्या कायद्याखाली उठतो, बसतो, म्हातारा होतो, त्याचं मागणं जड. आणि हे एकदा मान्य केलं की गोष्ट जर्मनीत थांबत नाही. तामिळनाडूत 1983 पासून आलेले श्रीलंकेचे तमिळ निर्वासित आहेत. त्यांची मुलं तिथल्या छावण्यांत जन्मली. 1 जुलै 1987 पासून नुसत्या भारतातल्या जन्मानं नागरिकत्व मिळत नाही, म्हणून तीही परदेशी राहिली, आणि 2019 च्या दुरुस्तीत श्रीलंकेचं नावच नाही. तेयझेंच्या मुलाची आणि त्या मुलांची गोष्ट मला तरी वेगळी सांगता येत नाही. अप्पांना मी हे म्हटलं तेव्हा ते नुसतं “हं” म्हणाले. त्यांचं “हं” म्हणजे विचार करतो, असं असतं. नकार असेल तर ते सरळ देतात.



2025 च्या वसंतात मी जर्मन नागरिक झाले. तेहतीस प्रश्नांची परीक्षा आधीच झाली होती, सतरा बरोबर आले की पास. प्रमाणपत्र हातात देण्याआधी एक वाक्य मोठ्यानं म्हणावं लागतं, की मी मूलभूत कायद्याचा, म्हणजे जर्मन घटनेचा, आणि इतर कायद्यांचा मान राखीन आणि या देशाला अपाय होईल असं काही करणार नाही. मी ते म्हटलं. मनापासून म्हटलं. तेयझे फुलं घेऊन आल्या होत्या. त्यांचं स्वतःचं प्रमाणपत्र माझ्या सहा आठवडे आधी झालं होतं आणि त्यांच्या पर्समध्ये आता दोन पासपोर्ट होते.

माझ्या पर्समध्ये एकच राहणार होता. जर्मनीनं जुनं नागरिकत्व सोडायची अट काढली, पण भारताची अट भारताजवळच आहे. घटनेचं नववं कलम, आणि 1955 च्या नागरिकत्व कायद्याचंही नववंच कलम: स्वेच्छेनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. अर्ज करा न करा, त्या क्षणी संपतं. मी ते वाक्य म्हणून कागद हातात घेतला आणि फुलं घेऊन दारापर्यंत येईतो मी भारताची उरले नव्हते. नंतर पासपोर्ट जमा केला. तो रद्द होऊन परत आला.

त्या रात्री मला आत्या आठवली. मी नववीत असताना आत्यानं हक्कसोडपत्रावर सही केली होती, दुय्यम निबंधकांच्या कचेरीत, लाकडी बाकावर बसून. आजोबांची साडेतीन एकर. सकाळी घरून निघताना तिनं डब्यात करंज्या आणल्या होत्या, कारण माहेरी रिकाम्या हातानं यायचं नाही. सही करून आली, सगळ्यांना करंज्या वाढल्या, आणि संध्याकाळच्या एसटीनं परत गेली. कोणी जबरदस्ती केली नव्हती. सगळ्याच बहिणी करतात म्हणून तिनंही केली. अप्पांनी तिला साडी दिली होती. मोरपंखी.

फोनवर मी आत्याचं नाव काढलं नाही. एवढंच म्हटलं, “मला आता तिथे काही मागता येतं का हो?”

कारण मला मागायचं होतं. दुहेरी नागरिकत्व. ही मागणी काही नवी नाही. परदेशस्थ भारतीयांविषयीच्या सिंघवी समितीनं 2002 च्या जानेवारीत तशी शिफारस केली होती, आणि ती समिती ज्यांच्याशी बोलली त्यातले कितीतरी जण तेव्हाही परदेशी पासपोर्टवाले होते. त्यातून 2005 मध्ये आलं ते ओसीआय. आयुष्यभराचा व्हिसा आहे तो. मत नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी साधारणपणे नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशानं मिळाली तर मिळते. 2021 च्या मार्चमध्ये अधिसूचना निघाली, की संशोधन किंवा पत्रकारिता करायची तर ओसीआयवाल्यांनी आधी खास परवानगी घ्यावी. नाव ओव्हरसीज सिटिझन, पण त्यातला सिटिझन शोधून सापडत नाही.

तरीही अप्पांनीच घालून दिलेल्या मापानं पाहिलं तर माझं पारडं हलकं आहे. मी भारताच्या कायद्याखाली जगत नाही. वाईचं पाणी किती दिवसांआड येतं याचा मला त्रास होत नाही. मी मत दिलं आणि चुकलं, तर त्याचे भोग माझ्या वाट्याला येणार नाहीत. तेयझेंनी मागितलं ते त्या घरात राहून मागितलं. मी घर सोडून मागतेय. हे मला कळतं, आणि त्यामुळे मत मागायचा मोह मी आवरते. पण नववं कलम माझ्याबद्दलच आहे. नागरिक असणाऱ्याला त्याचा काच कधी जाणवत नाही, आणि जाणवतो तेव्हा तो नागरिक उरलेला नसतो. मग त्याबद्दल बोलणार कोण?

मी आमच्या मतदारसंघाच्या खासदारांना पत्र लिहायला घेतलं. आमच्या म्हणजे अप्पांच्या. मत मागितलं नाही. एवढंच लिहिलं, की नागरिकत्व आपोआप जाऊ नये. निदान माणसाला विचारलं जावं, त्याचं ऐकून घेतलं जावं, आणि ज्या देशांना दोन पासपोर्ट चालतात तिथल्या लोकांबाबत संसदेत पुन्हा एकदा चर्चा व्हावी. दीड पान झालं. मराठीत इतकं सलग मी बऱ्याच वर्षांत लिहिलं नव्हतं, म्हणून तपासायला अप्पांना पाठवलं.

आठ दिवसांनी व्हॉट्सॲपवर फोटो आले. त्यांनी पत्र गावातल्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून घेतलं होतं आणि लाल पेननं तपासलं होतं, उत्तरपत्रिकेसारखं. दोन ऱ्हस्व-दीर्घ. एका ठिकाणी ‘दरम्यान’ खोडून ‘मधल्या काळात’. ‘आपल्या देशाच्या कायद्यात’ असं मी सवयीनं लिहून गेले होते. त्यातल्या ‘आपल्या’वर त्यांचं पेन थांबलेलं दिसत होतं, शाईचा बारीक ठिपका होता, पण खोडलेलं नव्हतं.

शेवटच्या परिच्छेदात ‘माझी मागणी आहे’ असं होतं. ‘मागणी’भोवती त्यांनी लाल गोल काढला होता आणि समासात लिहिलं होतं: ‘जर्मनांना विनंती केलीस. आम्हाला मागणी?’

वर काय लिहावं ते त्यांनी सुचवलेलं नाही. मी फोन केला तर म्हणाले, “तुझं पत्र आहे, तू ठरव,” आणि पाऊस कसा लागून राहिलाय ते सांगायला लागले. पत्र टेबलावर आहे. पाकिटावर पत्ता लिहून झालाय, तिकिटं लावून झालीत. तो शब्द अजून तसाच आहे.